बोलेरो पिकअपचं अ‍ॅव्हरेज: वेग, हौदा आणि टायर यांचा पक्का हिशेब

महिंद्रा बोलेरो पिकअप, १.७ टनी, नऊ फुटी हौद्याची. ही गाडी दणकट आहे, दुरुस्ती गावागावात होते आणि पुन्हा विकताना भाव टिकतो, हे महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. म्हणून त्यावर इथे शब्द खर्च करत नाही. एकाच प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं आहे. तीच गाडी, तेच इंजिन आणि तोच रस्ता असताना एकाला लिटरमागे १४ किलोमीटर आणि दुसऱ्याला १० का मिळतात?

उत्तर थोडक्यात असं: इंजिनचा दोष क्वचित असतो. डिझेल खातो तो पुढून येणारा वारा, आणि तो किती खाणार हे दोन गोष्टी ठरवतात. वेगाचा काटा कुठे ठेवता आणि हौदा किती उंच बांधून घेता.

इंजिन काय देतं

२५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल. इंधन कॉमन रेलमधून, म्हणजे जास्त दाबाच्या एकाच सामाईक नळीतून, जातं. ताकद ७५ एचपीच्या आसपास आणि टॉर्क २०० न्यूटन मीटर. हा टॉर्क १४०० ते २२०० आरपीएममध्येच पूर्ण मिळतो. म्हणजे हे इंजिन खालच्या फेऱ्यांत ओढण्यासाठी बनवलेलं आहे, वर पळवण्यासाठी नाही. गिअर पाच आहेत. हायवेवर ७० च्या पुढे गेलं की हात सहावा गिअर शोधतो आणि तो नाही. ही उणीव मान्य करायला हवी. पण ५० ते ६५ मध्ये पाचव्या गिअरला गाडी इतकी मोकळी चालते की त्या पट्ट्यात राहणाऱ्याला सहाव्याची आठवणही येत नाही.

कंपनीने दिलेल्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर अनेकांचा राग असतो, त्यामुळे तो आकडा येतो कुठून ते पाहू. भारतात या वजनाच्या गाड्यांची इंधन चाचणी रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार होते. ते चक्र ११८० सेकंदांचं, साधारण साडेदहा किलोमीटरचं असतं आणि त्यातला सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास. गाडी जवळपास रिकाम्या वजनाची धरतात. म्हणजे मागे दीड टन कांदा नाही, ताडपत्री नाही, कसाऱ्याचा चढ नाही. तो आकडा खोटा नसतो, पण तुमच्या खेपेचा नसतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो वापरावा, डिझेलचं बजेट बांधायला नाही.

वेगाचा हिशेब, किलोमध्ये

चालत्या गाडीला सपाट रस्त्यावर दोन गोष्टी मागे ओढतात. एक टायरचं लोळणं, दुसरी हवा. टायरची ओढ वजनावर ठरते. चांगल्या डांबरी रस्त्यावर, बरोबर हवा भरलेल्या रेडियल टायरला दर हजार किलो वजनामागे साधारण १० किलोची ओढ लागते आणि वेगाबरोबर ती फारशी बदलत नाही. हवेची ओढ मात्र वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की हवा चौपट ओढते.

आता ही गाडी धरू. मालासकट वजन ३ टन, समोरून दिसणारा पत्रा साधारण २.८ चौरस मीटर, माल कॅबिनच्या उंचीइतका. हवा कापण्याचा गुणांक ०.५ धरला, पिकअपला तो साधारण बसतो. टायरची ओढ येते ३० किलो. हवेची ओढ अशी:

५० ला १६ किलो, एकूण ४६.
६० ला २३ किलो, एकूण ५३.
७० ला ३१ किलो, एकूण ६१.
८० ला ४१ किलो, एकूण ७१.
९० ला ५१ किलो, एकूण ८१.

हे गणिताने काढलेले आकडे आहेत. तुमच्या गाडीत दोन-चार किलो इकडेतिकडे होतील, पण चढण अशीच राहील. ६० वरून ८० ला गेलं की ओढ एक तृतीयांशाने वाढते. डिझेल बरोबर तेवढंच वाढत नाही, कारण इंजिनच्या आतल्या घर्षणाला ठरावीक वाटा दोन्हीकडे द्यावाच लागतो. तो धरून २० ते २५ टक्के वाढ येते. ६० ला १४ देणारी गाडी ८० ला साडेअकराच्या आसपास का येते, ते यात आलं. मेस्त्रीला दाखवून, फिल्टर बदलून, नोझल तपासून ही तूट भरून निघणार नाही.

पैशात मांडू. दिवसाला ३०० किलोमीटर हायवे, डिझेल ९० रुपये. ६५ ला १३ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर सुमारे २३ लिटर जातात. ८० ला ११ धरलं तर २७ च्या वर. फरक चार लिटरचा, म्हणजे साडेतीनशे रुपये. कागदावर वेळ वाचतो ५२ मिनिटं. प्रत्यक्षात तेवढा वाचत नाही. टोलनाका, गावातला चौक आणि पुढे रांगेत अडकलेला ट्रेलर ८० वाल्याला आणि ६५ वाल्याला एकाच ठिकाणी गाठतात. पहाटेच्या लिलावाला वाशीला पोहोचायचं असेल आणि उशिरा गेल्याने कॅरेटमागे २० रुपये पडणार असतील, तर साडेतीनशे रुपये खुशाल घालवा, तो सरळ व्यवहार आहे. परतीच्या रिकाम्या खेपेला तेच पैसे घालवायला मात्र काही कारण नाही.

रिकाम्या गाडीबद्दल उलटाच समज आहे. "आता लोड नाही, दाबू" असं म्हणून रेस दाबली जाते. रिकाम्या गाडीत टायरची ओढ १७ किलोवर येते, पण हवेची ओढ तितकीच राहते. हवेला मागच्या मालाशी घेणंदेणं नाही. त्यामुळे रिकामी गाडी ६० ला ४० किलो ओढते आणि ८० ला ५८, म्हणजे ४५ टक्के वाढ. वेगाचा दंड भरलेल्या गाडीपेक्षा रिकामीलाच जास्त बसतो.

आता लिमिटरचं. मालवाहू गाड्यांना कारखान्यातूनच ८० चा स्पीड गव्हर्नर लावून येतो, ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. तो काढून देणारे आहेत. १०० ला हवेची ओढ ६३ किलो आणि एकूण ९३ होते. ६० च्या पावणेदोन पट. मागे पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांवर, दीड टन, तेच ब्रेक, तेच टायर. अ‍ॅव्हरेजचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या वजनाला हा वेग थांबवता येत नाही. लिमिटर राहू द्या.

स्पीडब्रेकरचा खर्चही मोजून ठेवण्यासारखा आहे. ३ टनांची गाडी ६० वरून १० वर आणून परत ६० ला न्यायला साधारण ३०-३५ मिलिलिटर डिझेल लागतं, म्हणजे तीन रुपये. ८० वरून तेच केलं तर साठ मिलिलिटरच्या आसपास. ज्या राज्य मार्गावर दर दोन-तीन किलोमीटरला गाव आणि गावाच्या दोन्ही टोकांना उंचवटे आहेत, तिथे मधल्या पट्ट्यात ८० गाठणं म्हणजे दर वेळी जादा डिझेल ब्रेकच्या लायनरमध्ये जाळणं. पुढचा ब्रेकर दिसताच पाय उचलायचा आणि गिअरमध्येच गाडी मंदावू द्यायची. कॉमन रेल इंजिनमध्ये गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की इंधनाचा फवारा बंद होतो. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला इंधन द्यावंच लागतं. जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांवर शिकलेले चालक उताराला न्यूट्रल करतात, त्यातून ही सवय आली. या गाडीत तिचा फायदा नाही, आणि घाटात इंजिनचा धरही सुटतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक मग तापतात, उतार संपायच्या आत पेडल मऊ पडतं.

हौदा: इथेच सगळ्यात जास्त डिझेल जातं

शोरूममधून आलेला हौदा बुटका असतो. गाडी घरी न्यायच्या आधी ती बॉडीवाल्याकडे जाते. बाजूंना उंच जाळी, वर लोखंडी कमानी, त्यावर ताडपत्री, कॅबिनच्या टपावर कॅरिअर. हे सगळं मालासाठी खरंच लागतं का, हा प्रश्न ऑर्डर देण्यापूर्वी विचारायला हवा.

जमिनीपासून २.६ मीटर उंचीपर्यंत ताडपत्री गेली, तर समोरचं क्षेत्रफळ २.८ वरून ४.१ चौरस मीटर होतं. हवेची ओढ जवळपास दीडपट. ६० ला ३३ किलो, ८० ला ५९. आता शेजारी शेजारी ठेवून पाहा:

बुटका हौदा, भरलेला, ८० ला: ७१ किलो.
उंच हौदा, भरलेला, ६५ ला: ६९ किलो.
उंच हौदा, भरलेला, ८० ला: ८९ किलो.
उंच हौदा, पूर्ण रिकामा, ८० ला: ७६ किलो.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. कमानी आणि ताडपत्री उभी ठेवून रिकामी ८० ने परत येणारी गाडी, १.३ टन माल घेऊन त्याच वेगाने चाललेल्या बुटक्या गाडीपेक्षा जास्त ओढते. "जाताना आणि येताना सारखंच डिझेल लागतं, गाडीत काहीतरी बिघाड आहे" ही तक्रार गॅरेजमध्ये रोज येते. बिघाड मागे उभा असतो.

माल पाहून हौदा ठरवा. टोमॅटोचं नेहमीचं कॅरेट सुमारे ५४ बाय ३६ सेंटिमीटर, उंची २९, आत २० किलो. नऊ फुटी, १.७ मीटर रुंद हौद्यात एका थरात २१ कॅरेट बसतात, लांब बाजू आडवी लावून तीनच्या सात ओळी. १.७ टनाला कॅरेटच्या वजनासकट ७८ भरतात, म्हणजे चार थरही पूर्ण होत नाहीत. उंची येते सव्वा मीटरच्या आत, कॅबिनपेक्षा फार तर वीतभर वर. टोमॅटो, कांदा, बटाटा, डाळिंब, सिमेंट, पशुखाद्य यांपैकी कशालाही उंच कमानी लागत नाहीत. वजन आधी संपतं, जागा नंतर. कमानी लागतात त्या फ्लॉवर, कोबी, पालेभाजी, फुलं, अंड्यांचे ट्रे, फर्निचर, फोमच्या गाद्या अशा फुगीर मालाला. दोन्ही प्रकारचा माल नेत असाल तर बॉडीवाल्याकडून कमानी वेल्ड करून घेऊ नका. हौद्याच्या काठाला पाइपचे खिसे वेल्ड करा आणि कमानी त्यात उभ्या करून पिनने अडकवा. परतताना दोघांनी दहा मिनिटांत काढून हौद्यात आडव्या टाकता येतात. खिशांच्या तळाला भोक ठेवायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी साचून पाइप आतून गंजतो आणि दोन वर्षांत कमान अडकून बसते.

ताडपत्री बांधण्यातही डिझेल आहे. पुढची बाजू, म्हणजे कॅबिनच्या मागची झालर, उघडी राहिली की आत हवा भरते आणि ताडपत्री पॅराशूट होते. पुढून आधी बांधायचं, झालर कॅबिनमागच्या जाळीला खालपर्यंत आवळायची, मग बाजू, शेवटी मागचा फाळका. फडफडणारी ताडपत्री हवेची ओढ वाढवते आणि कडीजवळ फाटतेही. दोर दर फूट-दीड फुटावर हवा.

टपावरच्या कॅरिअरबद्दल मत स्पष्ट आहे: रोज सामान ठेवत नसाल तर काढून टाका. उघडे पाइप आणि पट्ट्या हवेत घुसळण करतात. हवा तोडणारा वाकडा पत्रा, म्हणजे डिफ्लेक्टर, याचा उपयोग एकाच स्थितीत होतो: मागचा हौदा कॅबिनपेक्षा उंच असेल तेव्हा. बंद बॉडी किंवा कायमच्या उंच ताडपत्रीच्या गाडीला तो लावण्यासारखा आहे. त्याचा वरचा काठ हौद्याच्या उंचीला नेऊन पोहोचवला पाहिजे, मध्येच संपला तर हवा परत हौद्याच्या तोंडावरच आपटते. बुटक्या हौद्याच्या गाडीवर तो लावणं म्हणजे विकत घेतलेली ओढ.

फाळका उघडा टाकला की हवा निघून जाते आणि अ‍ॅव्हरेज वाढतं, असंही ऐकू येतं. हवेच्या बोगद्यातल्या प्रयोगांत पिकअपबाबत उलट दिसलं आहे. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्यावरून घसरत जाते. उघडला की तो भोवरा मोडतो. शिवाय लोंबणारा फाळका मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकतो.

हौदा बदलताना कागद विसरू नका. आरसीवर बॉडीचा जो प्रकार नोंदला आहे त्यात फरक करायचा तर आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकावर ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. माल ठरलेल्या उंचीच्या वर किंवा बाजूला बाहेर गेला तर २०,००० रुपये. साखर कारखान्याच्या रस्त्यावर कुणी विचारत नाही म्हणून महामार्गावरही विचारणार नाहीत, असं धरून चालू नका.

टायर

या १.७ टनी गाडीला २१५/७५ आर१५ टायर येतो. मजबुतीसाठी आणि रुबाबासाठी पुष्कळजण २३५/७५ आर१५ चढवतात आणि दुसऱ्या टाकीलाच "अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणतात. यात अर्धी दिशाभूल मीटरची असते. मूळ टायरचा व्यास ७०३ मिलिमीटर, नव्याचा ७३३. चाक एका फेरीत चार टक्के जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. गाडी खरी १००० किलोमीटर चालली तर मीटर ९६० च्या आत दाखवतं. ८० लिटर जळले असतील तर खरं अ‍ॅव्हरेज साडेबारा, कागदावर मात्र बारा. आधी ही दुरुस्ती करा. जीपीएसवर ५० किलोमीटर मोजून मीटरशी ताडून पाहा.

दुरुस्तीनंतरही जी तूट उरते ती खरी. रुंद टायर हवेला जास्त तोंड देतो, जड असतो आणि गिअर उंच झाल्यासारखा होऊन चढाला चौथा लवकर मागतो. जाड खाचांचा, चिखलाचा टायर असेल तर तो डांबरावर सतत वाकतो आणि गरम होतो. ती सगळी उष्णता डिझेलमधूनच आलेली असते. शेताच्या बांधापर्यंत गाडी न्यायचीच असेल तर असे टायर फक्त मागे लावा आणि पुढे सरळ रेघांचे ठेवा. नक्षी वेगळी चालेल, पण माप चारही चाकांना एकच हवं.

हवा हा या यादीतला सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. चारही टायरांत प्रत्येक एक पीएसआय कमी हवेमागे इंधन ०.२ टक्के वाढतं, हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा मोटारींसाठी आहे. मागे दीड टन असलेल्या टायरची बाजू जास्त वाकते, तिथे नुकसान त्याहून कमी नसणार. मागच्या टायरात १५ पीएसआय कमी असणं पंक्चरवाल्याकडे रोज दिसतं. प्रेशर पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वेगवेगळं दिलेलं असतं, तेच पाळा. सकाळी, गाडी चालण्याआधी, आणि दर आठवड्याला एकाच गेजने मोजा. दोन पंपांचे गेज क्वचितच जुळतात. गरम टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढू नका. गार झाल्यावर तो कमी हवेवर येतो आणि दुसऱ्या दिवशीची पूर्ण खेप तशीच जाते.

पुढचे टायर आतून किंवा बाहेरून एका बाजूने झिजत असतील तर अलाइनमेंट बिघडलं आहे. चाकं रस्त्यावर तिरकी घासत चालली आहेत आणि टायरबरोबर डिझेलही घासलं जातंय. उचलल्यावर मागचं चाक हाताने सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर लायनर ड्रमला चिकटतोय. हँडब्रेकची तार पावसाळ्यानंतर हटकून अडकते, ती पाहा.

पाटे, लोखंड, दिवे

मागे एक-दोन जादा पाटे टाकणं ही पहिल्या आठवड्यातली प्रथा झाली आहे. पाट्याच्या स्वतःच्या वजनाने अ‍ॅव्हरेजला विशेष काही होत नाही. तोटा वेगळा आहे. रिकामी गाडी मागून उचललेली राहते, हेडलाइटचा झोत खाली पडतो, खड्ड्यात मागचं चाक उडतं आणि द्राक्षं-टोमॅटो खालच्या थरात दबतात. आणि पाटा टाकला की अडीच टन भरायचा मोह होतो. टनामागे डिझेलचा हिशेब केला तर जादा मालाला कमी डिझेल लागतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे, आणि जादा माल उतरवून घेतल्याशिवाय गाडी सुटत नाही. मागच्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग, हब आणि क्लच प्लेट यांचा खर्च वेगळा.

लोखंडाचं वजन लोकांना वाटतं तितकं डिझेल खात नाही. १५० किलोची जाळी, पायदान आणि बंपर मिळून सपाट रस्त्यावर ओढ दीड किलोने वाढते, जेमतेम तीन टक्के. खरं नुकसान भाड्याचं आहे. १५० किलो लोखंड म्हणजे प्रत्येक खेपेला सात कॅरेट कमी. जाळी हवीच असेल तर पत्र्याची भिंत न करता पट्ट्यांची करा आणि पट्टीची जाडी अर्ध्यावर आणा. पुढच्या जाड लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचे निर्देश दिले आहेत, तो लावूच नका.

दिव्यांचा हिशेब बहुतेकांना माहीत नसतो. ५५ वॅटचे चार जादा दिवे म्हणजे २२० वॅट. अल्टरनेटर इंजिनकडून त्यासाठी जवळपास ४०० वॅट घेतो. ६५ ला भरलेली गाडी चालवायला चाकांवर १० किलोवॅटच्या आसपास लागतात, त्याच्या चार टक्के या दिव्यांत गेले. रात्रभराच्या खेपेत हा लिटरभराचा मामला होऊ शकतो. एलईडी लावा, समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही अशा उंचीवर लावा आणि वायरिंग रिलेमधून घ्या, थेट स्विचवरून नको. स्विच वितळतो.

ज्याला हात लावू नये

बीएस६ गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो ठरावीक काळाने स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी थोडं जादा डिझेल वापरतो. सगळ्या खेपा गावातल्या गावात, पाच-सात किलोमीटरच्या असतील तर हे जळणं अर्धवट राहतं, परत परत सुरू होतं आणि अ‍ॅव्हरेज खाली येतं. उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग हायवेवर काढा. हा फिल्टर आतून फोडून देणं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) बंद करणं, कॉम्प्युटरमध्ये ताकद वाढवून घेणं, यापैकी काही केलं तर वॉरंटी जाते, पीयूसीचा प्रश्न येतो आणि धूर शेवटी बाजारातल्या हमालांच्या छातीत जातो. चिपने वाढलेली ताकद वापरली की डिझेलही तितकंच जास्त लागतं. डिझेलच्या पाइपला लावायच्या चुंबकात काहीही तथ्य नाही.

एअर फिल्टर मात्र वेळेवर पाहा, विशेषतः ऊसतोडीच्या आणि वाळूच्या रस्त्यांवर. हवेने आतून बाहेर फुंकायचा. कागद फाटला असेल तर तो बदलायचाच, कारण धूळ टर्बोच्या पात्यांवर जाते आणि ती दुरुस्ती वर्षभरात वाचवलेलं सगळं डिझेल गिळते. बाजाराच्या रांगेत इंजिन चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर जातं. तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. लांब घाट चढून आल्यावर मात्र अर्धा मिनिट इंजिन मंद चालू द्या, टर्बोला थंड तेल मिळू द्या.

घाटाचा वेगळा नियम

खोपोली ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरच्या वर आहे. ३ टन तेवढं वर न्यायला साधारण १.४ लिटर डिझेल लागतं, मग २५ ने चढा की ४५ ने. इथे वेग कमी केल्याने काही वाचत नाही. बिघडतं ते चुकीच्या गिअरने. चौथ्यात रेस पूर्ण दाबून इंजिन १२०० वर घुसमटवणं आणि दुसऱ्यात ३००० वर किंचाळवणं, दोन्हीत नुकसान आहे. ज्या गिअरमध्ये इंजिन १८०० च्या आसपास, पाऊण रेसवर न थकता ओढतं, तो गिअर. गाडी धापा टाकू लागायच्या आधी खाली घ्या. हाफ क्लचवर चढ रेटू नका.

अ‍ॅव्हरेज मोजताना

एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. एकाच पंपावर, एकाच नोझलवर, पहिल्या 'टक' ला थांबून टाकी भरा, पुढच्या वेळीही पहिल्या टकलाच थांबा. मानेपर्यंत भरलं तर फेसामुळे लिटर-दीड लिटरची चूक होते. सलग तीन टाक्यांची बेरीज करून भागाकार करा. वहीत चार रकाने पुरतात: मीटर, लिटर, माल किती, ताडपत्री वर की खाली. एक बदल केल्यावर दुसरा बदल तीन टाक्या होईपर्यंत करू नका. हवा, टायर आणि वेग एकदम बदलला तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

कुणी घ्यावी

दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर, तालुका ते जिल्हा आणि वजनदार माल, अशा कामाला ही नऊ फुटी गाडी अजूनही चोख आहे. ६५ ला ठेवली आणि हौदा बुटका राखला तर १३-१४ ची अपेक्षा वाजवी आहे. रोज तीनशे किलोमीटर हायवे आणि फुगीर माल असेल तर जादा कमानी चढवून ही गाडी ताणण्यापेक्षा महिंद्राच्याच बोलेरो मॅक्स पिकअप एचडीचा दहा फुटी हौदा पाहा. तोच माल लांबीत पसरतो आणि उंची थोडी कमी होते. ऑर्डर देताना बॉडीवाल्याला कमानींची उंची फुटांत लिहून द्या आणि खाली सही घ्या. तोंडी सांगितलं तर तो शेजारच्या गाडीचं माप उचलतो, आणि शेजारची गाडी कायम फुलांची असते.